शामरावांचे सात खण

देश केवढा आहे असं कुणी शामरावांना विचारलं असतं, तर त्यांनी सात खणांएवढा असं सांगितलं असतं. लष्कराच्या एका कार्यालयात, डाक शाखेच्या भिंतीला टेकून सागवानी लाकडाची ती मांडणी उभी होती. उत्तर कमांड, उधमपूर. पश्चिम कमांड, चंडीमंदिर. मग जयपूर, लखनौ, कोलकाता, पुणे, आणि सगळ्यात खाली, बुटांच्या उंचीवर, प्रशिक्षण कमांडचं शिमला. आर्वीहून दिल्लीला आलेला हा माणूस एकतीस वर्षं रोज सकाळी त्या खणांसमोर उभा राहत आला होता. बर्फातली चौकी असो की वाळवंटातली, तिचा कागद शेवटी त्यांच्या हाताने एका खणात जाऊन पडायचा.

बाहेरच्यांना फौज म्हणजे एक अखंड भिंत वाटते. शामरावांना ती एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखी दिसायची. कमांडच्या आत कोर, कोरच्या आत डिव्हिजन, तिच्यात ब्रिगेड, ब्रिगेडमध्ये पलटण, आणि पलटणीच्या तळाशी कुठेतरी एक माणूस, जो आपल्या नावाच्या कागदाची वाट बघत असतो. लिफाफ्यावर फक्त पलटणीचा नंबर असे. ती कुठल्या कमांडखाली येते हे डाक शाखेने बघायचं आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीने लिहायचं. त्यासाठी छापील यादी होती. बाकीचे यादी बघत. शामराव बघत नसत.

"शामरावजी तो खुद लिस्ट हैं," शाखेच्या प्रमुख शालिनी मॅडम नव्या माणसांना सांगायच्या. शामराव खाली बघून हसायचे. आयुष्यात केलेला गर्व म्हणाल तर एवढाच.

सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये मात्र यातला एक शब्दही येत नसे. मुलगा संघपाल फौजेत भरती झाला, तेव्हा त्यांनी त्याला एकच गोष्ट शिकवली. फोनवर जागेबद्दल काही सांगायचं नाही. आणि स्वतःला बजावलं, विचारायचं नाही. त्यामुळे बापलेकांचं बोलणं बस थांब्यावरच्या दोन अनोळखी माणसांसारखं चाले.

"जेवलास?"

"हो बाबा."

"थंडी?"

"आहे."

"बरं."

प्रेमला, त्यांची बायको, फोन हिसकावून घ्यायची. "अरे संघू, यांच्याशी काय बोलतोस? यांच्यापेक्षा रेडिओवरच्या बातम्या बऱ्या!"

दोन वर्षांपूर्वी प्रेमलाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. डाव्या हातावरची शीर दोरासारखी फुगली आणि ती उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं ब्लाउज घालू लागली. किडनी द्यायला घरातले सगळे पुढे झाले. शामरावांना साखर. मुलगी लुंबिनीचा रक्तगट जुळेना. जुळला तो संघपाल.

"हार्ट थकत चाललंय," डॉक्टर म्हणाले होते. "गर्मी सुरू व्हायच्या आत करून टाकू. मग मी शब्द देऊ शकणार नाही."

नोकरीतल्या जवानाने किडनी द्यायची तर वरून लेखी परवानगी हवी. अर्ज पलटणीतून निघाला, एकेक डबा चढत दिल्लीला आला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात मंजूर झाला. आता तो कागद त्याच वाटेने खाली उतरायचा, हातात पडताच संघपालने निघायचं आणि एकोणीस तारखेच्या गुरुवारी दवाखान्याच्या समितीसमोर स्वतः बसायचं. किडनी आपल्या मर्जीने देतोय, हे देणाऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय समिती सही करत नसे. आणि समिती दोन महिन्यांतून एकदाच बसे.

मंजुरीचा लिफाफा शामरावांच्याच टेबलावर आला. पलटणीचा नंबर त्यांना झोपेतही ओळखता आला असता. घरचा कागद दुसऱ्याच्या हाती कशाला द्यायचा, म्हणून त्यांनी मुद्दाम पेन्सिलीला टोक काढलं. उत्तर कमांड. लिफाफा सकाळच्या पहिल्याच थैलीत गेला. त्या संध्याकाळी त्यांनी घरी जाताना मार्केटमधून प्रेमलासाठी बिनबाह्यांचा एक कुर्ता घेतला. नंतरसाठी.

सतरा तारखेला, मंगळवारी, तो लिफाफा परत आला.

आलेल्या डाकेच्या ढिगात त्यांना आधी आपलं अक्षर दिसलं. त्यावर शिक्का होता आणि खाली शेरा, ही पलटण या कमांडच्या अखत्यारीत नाही. शामरावांना पहिल्यांदा त्या शेरा लिहिणाऱ्याची कीव आली. नवा असेल बिचारा. मग त्यांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा छापील यादीची फाइल उघडली.

सगळ्यात वर फेब्रुवारीतलं परिपत्रक होतं. एक डिव्हिजन एका कमांडकडून काढून दुसरीकडे जोडली होती, उत्तरेकडून पश्चिमेकडे. ती जागची हललीही नव्हती. संघपालची टेकडी तीच, ओढा तोच, रात्री पहारा द्यायचा दगडही तोच असेल. नकाशावरची रेघ तेवढी त्याच्या डोक्यावरून पलीकडे सरकली होती. परिपत्रकाखाली, वाचलं म्हणून, शाखेतल्या सगळ्यांच्या सह्या होत्या. तिसरी सही शामरावांची. प्रेमलाला दवाखान्यात सोडून ते त्या दिवशी दुपारी आले होते आणि उभ्या उभ्या पाच कागदांवर सह्या करून मोकळे झाले होते. यादी वाचायची गरज त्यांना कधी पडली होती?

आणि संघपालला तर कमांड बदलल्याचं माहीत होतं. या महिन्यात तो चार वेळा फोनवर बोलला होता. त्याने सांगितलं नाही, बापाने विचारलं नाही.

ते उठून शालिनी मॅडमकडे गेले. "मॅडम, मुझसे गलती हो गई."

"आपसे?" त्या हसल्या. मग त्यांनी लिफाफा पाहिला, आतल्या कागदावरचं नाव पाहिलं, आणि त्यांचा हात फोनकडे गेला.

त्या दुपारी कुणीच कसूर केली नाही. दीड तासात मंजुरीची प्रत चंडीमंदिरला पोचली, तिथून कोरला, डिव्हिजनला, ब्रिगेडला. बुधवारी सकाळी पलटणीच्या साहेबांनी स्वतः निरोप दिला, पोराला सोडतो. पण पोरगा पुढच्या चौकीवर होता. तिथून पायथ्याच्या छावणीत उतरायचं म्हणजे एक आख्खा दिवस, आणि छावणीपासून दिल्ली आणखी एक दिवस. शामरावांनी बोटांवर मोजलं. बोटं बदलून पुन्हा मोजलं. शुक्रवारच येत होता.

गुरुवारी सकाळी दहाला ते समितीच्या दाराशी बसले. हातात मूळ मंजुरीपत्र होतं, शाईच्या सहीचं. बाराला त्यांचं नाव पुकारलं.

"डोनर कहाँ हैं?" मधल्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं.

"रास्ते में है, मॅडम. कल सुबह पहुँच जाएगा. कागज पूरा है, देखिए."

"अंकल, कागज तो ठीक है. आदमी चाहिए."

"मैं बाप हूँ. मैं लिख के देता हूँ."

"वही तो," बाई हळूच म्हणाल्या. "घरवालों की बात हम नहीं मान सकते. बच्चे से ही पूछना होता है." त्यांनी समोरची वही उलटली. "इक्कीस मई."

शामराव उठले नाहीत. "मॅडम, वो तब तक..." पुढचं हिंदी त्यांना सुचेना. मराठीही सुचेना. शिपायाने त्यांच्या कोपराला धरून उठवलं.

खाली प्रेमलाचं डायलिसिस चालू होतं. मशीनची नळी तिच्या हातातून निघून हातातच परत जात होती. शेजारी स्टुलावर लुंबिनी फोनवर भराभर टाइप करत होती. कागद भलतीकडे गेला आणि तारीख हुकली, एवढं शामरावांनी तिला वरूनच मेसेजवर कळवलं होतं.

"बाबा, मी टाकतेय हां सगळीकडे. आर्मी ऑफिसने एका जवानाच्या आईचा कागद भलतीकडे पाठवला. फोटोसकट. यार, हद्द आहे! इंचार्ज कोण आहे तिथे, ती शालिनी ना? तिचं नाव पण टाकते."

"टाक, टाक," प्रेमला डोळे मिटूनच म्हणाली. "एकतीस वर्षं यांनी त्यांची हमाली केली. एक कागद नाही सांभाळता आला मेल्यांना!"

"मम्मी, लापरवाहीला मराठीत काय म्हणतात? मावशीच्या ग्रुपवर पण टाकायचंय."

"निष्काळजीपणा," शामराव म्हणाले. "तो माझा आहे. लिफाफ्यावर मी लिहिलं. मॅडमचं नाव टाकू नकोस. कुणाचंच नको."

लुंबिनीचा अंगठा थांबला. शामरावांनी यादी, रेघ, सही, सगळं सांगितलं. सांगताना पहिल्यांदाच घरच्या माणसांसमोर त्यांच्या तोंडून कमांड, डिव्हिजन असे शब्द आले आणि ते त्यांना स्वतःलाच फार पोकळ वाटले. लुंबिनी एकेक अक्षर पुसत राहिली. मग तोंडावर ओढणी धरून बाहेर निघून गेली.

प्रेमलाने डोळे उघडले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"संघूला माहितेय?"

"नाही. आज सांगणार आहे."

"नका सांगू."

"प्रेमला, मला सांगायलाच हवं. तो काय समजेल?"

"समजू द्या काय समजायचं ते. त्याला कळलं ना तुमच्या हातून झालं, की तो म्हणेल, मी एक शब्द बोललो असतो तर झालं नसतं. मग मला काही झालं, तर ते जन्मभर त्याच्या छातीवर." तिला धाप लागली. ती थांबली. "ते तुमच्याकडेच ठेवा."

त्यांच्या शर्टाच्या खिशात फोन वाजू लागला. संघपाल पायथ्याच्या छावणीत पोचला होता. समितीची तारीख गेल्याचं त्याला तिथे कळलं असणार. ऑपरेशन नाही तर रजाही नाही, म्हणजे पोराला तिथूनच परत टेकडी चढायची होती. शामरावांनी प्रेमलाकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"हॅलो, बाबा? मी पूर्ण रात्रभर चालत आलोय हो. मधे कुठे अडकला कागद? कुणाकडून झालं?"

शामरावांनी घसा खाकरला. मशीनवरचे आकडे हिरवे, लाल, हिरवे होत राहिले.

"वरून झालं, बेटा," ते म्हणाले. "वरूनच काहीतरी झालं. जेवलास?"