शेळीचे तास

आर्णीकडच्या आमच्या तांड्यात सुखीबाई बकऱ्या राखायची. बोलणं कमी, पण बोलली की शब्द बाभळीच्या काट्यासारखा रुतून बसायचा. त्या वर्षांत तांड्याच्या चारी अंगांनी नुसती पऱ्हाटी. दारापर्यंत कापूस, आणि ताटात रोज तोच भात, तेच पाणचट वरण.

त्यातच तिची सून, देवसिंगची बायको शीला खंगली. गळा सुजलेला, एक ताप उतरला की दुसरा, कापूस वेचता वेचता हात गळायचे. सुखीबाईने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई साताऱ्याकडच्या.

"गळ्यातल्या ग्रंथीचं काम मंदावलंय. ही गोळी रोज घ्यायचीच. शिवाय जेवणात सेलेनियम हवं. कणभरच लागतं, पण त्याच्याशिवाय अंगाची राखण करणारी काही प्रथिनं घडत नाहीत, मग आजाराशी झुंजायला बळ पुरत नाही. अंडी, तीळ, डाळी, ज्वारी, सगळं थोडं थोडं खा. त्याच्या वेगळ्या गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. जास्त झालं तर केस गळतात."

सुखीबाईच्या कानांनी ऐकलं, 'शेळीनियम'. तिकडे बकरीला शेळी म्हणतात, एवढं तिला ठाऊक होतं. बकरीचा नियम! तो तर तिने जन्मभर पाहिलेला. बकरी एका झुडपावर पोट भरत नाही. इथला शेंडा, तिथलं पान, पुढची शेंग.

मृग लागला. टोबणीच्या, म्हणजे हाताने एकेक बी पेरण्याच्या सकाळी ती शेताच्या बांधाकडे बोट करून नवऱ्याला, लखीरामला म्हणाली, "धुऱ्याकडच्या सहा तासांत बीटीची पऱ्हाटी नाई टोबत मी. त्या ओळी जवारी, तीळ अन् डाळीसाठी बरबटीच्या. शीलेच्या ताटासाठी."

"काहून वो देवसिंगची माय, येडी झाली काय? डॉक्टरनं गोळी देली, वावर नाई मांगतलं!"

"नियम सांगतला. शेळीचा."

"मंग सुनेले कुडावर चढव, पाला खाऊ दे!"

टोबणाऱ्या बाया फिसकन हसल्या. सुखीबाई हसली नाही. बियाण्याची थैली तिने त्याच्या हातात ठेवली. "घ्या. टोबा तुमीच."

टोबणी बायांचं काम. बी टोबायला वाकलेला पुरुष आमच्या तांड्याने पाहिला नव्हता. लखीराम वाकला. बी कुठं, बोट कुठं! बाया पदरात तोंड घालून हसत राहिल्या. शेवटी थैली परत करून तो म्हणाला, "कर तुया मनानं."

त्या ओळींतलं पीक शीलेच्या ताटात येत गेलं, रोजची गोळीही चुकली नाही; दिवाळीनंतर शीला पुन्हा वेचणीला उभी राहिली. डॉक्टरीणबाई तिचा गळा चाचपून म्हणाल्या, "गोळी लागू पडली, खाण्यानंही हात दिला. जमवलंत कसं?"

"शेळीनियम पाळला, बाई."

त्यांना हसू आवरेना. "अहो मावशी, सेलेनियम! मातीतून पिकात येतं ते. शेळीचा काही संबंध नाही."

सुखीबाईने पदर सावरला. "असू द्या. आता तासायले तेच नाव पडलं."

पुढच्या मृगाला लखीरामने बीटीची एक थैली कमीच आणली. खाली मान घालून विचारलं, "शेळीचे तास धुऱ्याकडूनच ना?"

ओटीत तीळ घेऊन शीला आधीच वाकली होती.