कॅडोग डॉक्टरची पाटी

वेल्समधल्या त्या गावात मेरिग तीन. एक खाटीक, एक बस चालवणारा, आणि तिसरा आपला मेरिग छिन्नी. पंधराव्या वर्षी पाटीच्या दगडाच्या खाणीत उतरला, खाण बंद पडल्यावर थडग्यांवर अक्षरं कोरू लागला. आता सत्तरी उलटलीय, छातीत खाणीची धूळ बसलीय, चार पायऱ्या चढला की भात्यासारखा आवाज येतो. बायको नेस्ट गेली तेव्हा तिचा दगड त्यानेच वेल्शमध्ये कोरला. त्यानंतर तसलं काम वर्षाला एखादंच यायचं. म्हातारी माणसं मरत होती आणि त्यांची पोरं दगड इंग्रजीत सांगत होती.

अशात कॅडोग डॉक्टरच्या नावाची पाटी लावायचं निघालं. कॅडोग प्रिदर्च मेरिगच्या घरापासून चार दारं पलीकडचा, खाणकामगाराचा पोर, दीडशे वर्षांपूर्वीचा. इंग्रजांच्या जहाजावर डॉक्टर झाला आणि तापाच्या साथीत खलाशी वाचवता वाचवता स्वतःच गेला. त्याच्या घरावर लावायच्या पाटीवर मेरिगने नाव कोरलं, सालं कोरली, 'डॉक्टर' कोरलं आणि त्याच्याआधी एका शब्दाची जागा मोकळी सोडली. डॉक्टर वेल्श की ब्रिटिश, ते गावाची सातजणांची समिती ठरवणार होती. दगडावर काही खोडता येत नाही, एकदा घाव बसला की बसला.

म्हाताऱ्याचा जीव त्या एका शब्दात अडकला होता. जहाजाच्या रोजनिशीत त्याला एक ओळ सापडली होती: मरताना डॉक्टर दोन दिवस बोलत होता, पण ती भाषा जहाजावर कुणालाच येत नव्हती. अहो, आणखी काय पुरावा हवा? सहा महिने छिन्नी चालवता चालवता त्याने आपलं भाषण घोटलं होतं. आता कोण नाही म्हणतो तेच बघायचं होतं.

बैठक बंद पडलेल्या चॅपेलच्या मागच्या खोलीत होती. सहाजण जमले, वेल्शमध्ये गप्पा रंगल्या.

"काय रे, आज कोट? लग्न आहे की काय कुणाचं?" अध्यक्षीण टेगवेनबाईंनी टोमणा मारला.

"बारसं आहे, बाई. कॅडोगचं."

तेवढ्यात दार उघडलं आणि सातवा सभासद आत आला. कॉलिन, मँचेस्टरचा निवृत्त पोस्टमन, दोन वर्षांपूर्वी गावात राहायला आलेला.

"या या, बसा. गारठा आहे ना बाहेर?" मेरिगच म्हणाला, सगळ्यांच्या आधी, इंग्रजीत.

झालं! अख्खी बैठक इंग्रजीकडे वळली. तिथे नेहमी असंच होतं. सहा वेल्श आणि एक परका, तरी सहाजण आपली जीभ बाजूला ठेवणार. पाहुण्याला अवघडल्यासारखं व्हायला नको ना! भीड भिकेची बहीण, पण हे त्या लोकांना सांगणार कोण?

बसवाला मेरिग दिवसभर प्रवाशांशी इंग्रजीच बोलणारा. तो ताडताड बोलला, "जहाज ब्रिटिश, पगार ब्रिटिश, शाळेच्या पुस्तकात ब्रिटिश. बाहेरून येणाऱ्यांना कळायला नको?"

मग आपला मेरिग उठला. सहा महिने घोटलेलं सगळं वेल्शमध्ये होतं. इंग्रजीत तोंड उघडलं आणि दातखीळच बसली.

"तो... बोलला. दोन दिवस. कुणाला... नाही कळलं."

"कळलं नाही, मग लिहून कुणी ठेवलं?" बसवाल्याने विचारलं. लोक हसले, टेगवेनबाईसुद्धा. मेरिग खाली बसला. त्याचे कान तापले होते.

हात वर झाले. तीन वेल्श, तीन ब्रिटिश. कॉलिनने इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच ब्रिटिशच्या बाजूने हात वर केला.

मेरिग बाहेर भिंतीला टेकून धापा टाकत होता. कॉलिन मागोमाग आला आणि थांबत थांबत, एकेक शब्द जोडत, वेल्शमध्ये बोलू लागला.

"रागावू नका. दोन वर्षं शिकतोय मी. आज तुमचं ऐकायलाच आलो होतो. पण तुम्ही सगळेच इंग्रजीत बोललात. मला वाटलं, तुम्हालाच त्याचं काही नाही."

मेरिगचं काळीज तुटलं. ते भाषण अजून तसंच्या तसं ओठांवर होतं, आणि समोर ते समजणारा माणूस उभा होता.

"असू द्या हो, एवढं काही नाही," तो म्हणाला. इंग्रजीत.

सोमवारी त्याने मोकळी जागा भरली. अक्षरं सुरेख आली.