तीनटनीच्या चाकोरीत माझी जीप

माझे सासरे फौजेत ड्रायव्हर होते. सव्वीस वर्षं त्यांनी तीनटनी चालवला. तीनटनी म्हणजे लष्कराचा तो हिरवा, उंच, ताडपत्रीचा ट्रक. देवळालीच्या रस्त्यावर असे दहा-बारा एकामागं एक निघाले की आपण मुकाट बाजूला होतो. रिटायर होऊन ते दारणेकाठच्या आपल्या गावी आले, तरी गावातल्या प्रत्येक गाडीला मार्क द्यायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं.

आणि मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला कारकून. खरंतर मला स्कूटर पुरत होती. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी कधीतरी मला जुनी जीप घ्यायची लहर आली. चारही चाकं ओढणारी, फोर व्हील. बायकोनं विचारलं, "कशाला?" मी म्हणालो, "लागते." कुठं लागते ते मलाही माहीत नव्हतं. रविवारी मुलांना घेऊन गंगापूर धरणाच्या कडेनं थोडा चिखल तुडवायचा, घरी येऊन चिखल धुवायचा नाही आणि सोमवारी ती तशीच कारखान्याच्या गेटसमोर उभी करायची, एवढाच उपयोग.

मोठ्या गियरच्या शेजारी तिला एक छोटा दांडा होता. तो मागं ओढला की 'कट्' असा आवाज यायचा. त्या आवाजानं माझी छाती दोन इंच फुगायची. पेठच्या घाटात, त्र्यंबकच्या रस्त्याला, एकदा तर सिन्नरला लग्नाच्या मांडवामागच्या ओल्या ढेकळांत मी तो 'कट्' वाजवला होता आणि प्रत्येक वेळी सुटलो होतो.

"मामा," मी सासऱ्यांना म्हणायचो, "तुमचा तीनटनी जिथं जाईल तिथं माझी जीप जाईल. वर जिथं तो मावणार नाही तिथंही जाईल."

"जाईल की," ते तंबाखू मळत म्हणायचे. "उताराला लोटली तर कपाटबी जातं, जावईबापू."

तीन वर्षं हा वाद चालला. तोवर ते एकदाही जीपमध्ये बसले नव्हते. नाशिकला यायचं तर एसटीनं.

मग त्या भाद्रपदात माझ्या सासूबाई गोठ्यात घसरल्या आणि त्यांच्या पायाचं हाड मोडलं. नाशिकच्या दवाखान्यात आठ दिवस काढले. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून घरी सोडलं. असा पाय एसटीत कसा न्यायचा? मामांना माझ्या जीपमध्ये बसावंच लागलं. मागच्या समोरासमोरच्या बाकांपैकी एकावर मामी बसल्या, दुसऱ्यावर उशी ठेवून पाय आडवा टाकला. त्यांच्याजवळ माझी बायको. दवाखान्याचं सगळं बिऱ्हाड पायाशी: स्टोव्ह, चहाचं पातेलं, सांडशी, कपबश्या. मामा पुढं माझ्या शेजारी. आठ दिवस दवाखान्याच्या फरशीवर झोपून त्यांचे डोळे लाल झालेले.

गाव नदीपलीकडं. पुलावरून गेलं तर आठेक किलोमीटरचा वळसा. सरळ गेलं तर नदीचा उतार, म्हणजे पात्र जिथं पसरट आणि उथळ आहे ती जागा. बैलगाड्या तिथूनच जायच्या.

फाट्यावर मामा म्हणाले, "पुलावरनं घे."

मी उताराकडं बघितलं. ओल्या रेतीत रुंद टायरांच्या ताज्या खुणा नदीत उतरत होत्या. "मामा, बघा. सकाळी तुमचेच ट्रक गेलेत इथून."

"सकाळी गेले. आता दुपार हाय."

"तुमचा गेला ना? मग माझी जाते की नाही ते आज बघाच."

मागून मामी म्हणाल्या, "जाऊ द्या हो, लवकर पोचू. बसून बसून कंबर मोडली माझी." बायको गप्प होती. माझी बायको गप्प असते तेव्हा ती माझ्या बाजूनं नसते, हे मला तोवर कळायला हवं होतं.

मी दांडा ओढला. कट्. आणि उतरलो.

निम्म्याहून जास्त पात्र मजेत गेलं. पाणी चाकाच्या निम्म्याखाली होतं. मी मामांकडं एक नजरही टाकली, विजयाची. तेवढ्यात डावं चाक धप्पकन खाली गेलं.

माझी अक्कल अशी की मी ट्रकच्या चाकोरीतूनच चाललो होतो. ट्रक रुंद, जीप अरुंद. माझं डावं चाक त्यांच्या चाकोरीत गेलं आणि उजवं मधल्या उंचवट्यावर राहिलं. ट्रकानं पाडलेली घळ त्याच्या चाकाला बेताची आणि माझ्या चाकाला गुडघाभर. जीप डावीकडं कलली, खालचा लोखंडी गड्डा रेतीवर टेकला. मी ॲक्सिलेटर दाबला. मागची चाकं गरगर फिरली आणि आणखी रुतली.

पलीकडच्या काठावर एक जण शेरडं चारत होता. तो हात हलवून ओरडला, "ओ भाऊ! पाणी वाढतंय! घोटीकडं लय पाऊस पडलाय!"

मी खाली बघितलं. मघाशी पाणी दारच्या पायरीखाली चार बोटं होतं. आता ते पायरी चाटत होतं. रंगही बदलला होता, दुधाच्या चहासारखा झाला होता.

"इंजिन बंद करू नको," मामा म्हणाले. आवाज एकदम वेगळा, घरातला नाही. "बंद केलंस तर सायलेन्सरमधनं पाणी शिरंल. पाय तसाच ठेव. फोर व्हील टाकलीस का?"

"टाकली की. कट् वाजला."

"आणि हब?"

"हब म्हणजे?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी आजही सांगू शकत नाही. रागाची नव्हती. माणूस घरात साप बघून जसा आधी लेकरं मोजतो, तशी होती.

"पुढच्या चाकांच्या मधोमध वाटीएवढी टोपी हाय. तिच्यावर आडवी पट्टी. ती हातानं फिरवून लॉक करायची. त्याशिवाय पुढची चाकं मोकळीच. नुसता दांडा ओढून काय व्हतंय?"

म्हणजे तीन वर्षं. पेठचा घाट, सिन्नरचा मांडव, सगळं मी दोन चाकांवर केलं होतं. जीप विकणाऱ्यानं सांगितलंही असेल; मी तेव्हा हॉर्न वाजवून बघत होतो.

"आईला उचलून न्यायचं का?" बायकोनं विचारलं.

मामांनी पाण्याकडं आणि मामींकडं बघितलं. मामी अंगानं भरलेल्या, त्यात ते प्लास्टर. पुढं अजून तीस-चाळीस पावलं पाणी आणि खाली सरकती रेती. "दोघांनी उचलून पडलो तर तिला पोहता येत नाय, पाय हलवता येत नाय," ते हळू म्हणाले. "गाडीच काढायची. स्टेरिंगवर मी बसतो. तू उतर."

मी उतरलो. पाणी मांडीला लागलं आणि ओढ अशी होती की दाराला धरून उभं राहावं लागलं. उजवं चाक वर होतं. टोपी दिसत होती. पट्टीवर तीन वर्षांचा चिखल, तोच जो मी मिरवण्यासाठी धुवत नव्हतो. नखांनी खरवडला, पट्टी धरून पिळली. फिरली.

"एक झालं!" मी ओरडलो. "आता जाईल?"

"एकानं काय नाय व्हत! दुसरं मोकळं असंल तर सगळा जोर त्याच्यातनं जातो. डावं कर!"

डावं चाक पाण्यात पूर्ण बुडालं होतं. मी बॉनेटला धरत पलीकडं गेलो, वाकलो, हनुवटीपर्यंत पाण्यात. हाताला टोपी लागली. पट्टी लागली. हलेना. दोन्ही हातांनी पिळली, अंगठ्याचं नख उलटलं, तरी हलेना. गंजून एकजीव झालेली.

"पकड दे!" मामा ओरडले.

पकड घरी होती. बायकोच्या शिलाई मशीनसाठी मीच ती गाडीतून काढली होती. तेवढ्यात आतून बायको किंचाळली, "अहो, पाणी आत आलं!" स्टोव्ह कलंडल्याचा आवाज आला. आणि मामी, ज्या एवढा वेळ डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या, एकदम खेकसल्या, "अगं, सांडशी दे त्यांना, सांडशी! बघतीस काय!"

बायकोनं ताडपत्री वर करून सांडशी पुढं केली. चहाचं पातेलं उतरवायची, टोकं वाकडी झालेली सांडशी. मी खाली वाकलो, चाचपडत पट्टी तिच्या तोंडात धरली, दोन्ही हातांनी दाबून पिळली. एक लाट नाकातोंडात गेली. पट्टी केसभर सरकली. पुन्हा पिळली. सांडशीचा एक दांडा वाकला आणि त्याच दमात हाताखाली टक्कन काहीतरी बसलं.

"झालं!"

"मागं जा! टायरला धर!"

मी मागं टांगलेल्या जादा टायरला मिठी मारली. मामांनी ॲक्सिलेटर जोरात दाबला नाही, मला वाटलं होतं तसं. त्यांनी आधी गाडी मागं घेतली, हातभर. मग पुढं, हातभर. परत मागं. प्रत्येक वेळी रेती थोडी दबत होती आणि मी प्रत्येक वेळी गळ्यापर्यंत बुडून वर येत होतो. मग पुढच्या चाकांनी काहीतरी पकडलं. ते मला टायरमधून छातीला जाणवलं. असा ओढा त्या गाडीला मी कधी अनुभवलाच नव्हता. जीप उचकी लागल्यासारखी वर आली, आतून दोघींची किंकाळी आली, आणि चाकोरी सोडून, तिरकी, हळूहळू, अजिबात न थांबता ती काठाला लागली. मी मागं लोंबकळत, धुणं वाळत घातल्यासारखा.

शेरडंवाल्यानं मला सोडवून उभं केलं. मागं वळून बघितलं तर चाकोरी दिसत नव्हती, उंचवटाही नव्हता. नुसतं तांबूस पाणी वाहत होतं.

मामा उतरून चाकं बघत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. शिव्या खायची तयारी होती.

"ट्रक उतरवायच्या आधी आमचा एक माणूस काठी घेऊन पुढं चालायचा," ते म्हणाले. "दर वेळी. कालच गेलो असलो तरी." मग बॉनेटवर हात ठेवला. "तीनटनी असता तर रुतून बसला असता तिथंच. एवढं वजन त्या रेतीतनं परत वर आलं नसतं. हिनं काढलं."

तीन वर्षं मी हे वाक्य ऐकायला थांबलो होतो. आणि आता ते कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण सांगायला गेलं की हबचं सांगावं लागणार.

तेव्हा मामी आतून म्हणाल्या, "पाय गार लागतोय." गाडी वर उसळली तेव्हा उशीसकट पाय खाली पाण्यात पडला होता. प्लास्टर पोटरीपासून खाली भिजून मऊ पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी परत नाशिक. पुलावरून. मामा पुढं बसले होते.

डॉक्टरांनी प्लास्टरवर बोट दाबलं, ते आत गेलं. चष्म्यावरून त्यांनी आमच्याकडं बघितलं. "आजी, भिजवायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? कसं भिजलं?"

मी जमिनीकडं बघितलं. मामांनी छताकडं. बायकोनं तोंड उघडलं होतं. आता हिला राहवणार नाही हे मला दिसत होतं.

"न्हाताना," मामी म्हणाल्या. "मीच हट्ट केला. जावयाला बोलू नका."

डॉक्टरांनी मान हलवून कात्री चालवली. प्लास्टर उलगडलं आणि आतून टेबलावर, पांढऱ्या चादरीवर, दारणेची पसाभर रेती सांडली.

डॉक्टर रेतीकडं बघत राहिले.

"आमच्या न्हाणीत असतीया," मामी म्हणाल्या, आणि पाय नीट टेबलावर सरळ केला.