विहिरीत टँकर नको

बद्रीनाथ फौजेतून पेन्शन घेऊन गावी परतला, त्याला बरीच वर्षं झाली. पाटोद्याच्या माळावर त्याची विहीर आहे. उन्हाळा तापला की ती आटते. यंदाही आटली, आणि नेमके तेव्हाच तेलगावचे पाहुणे घर-शेत बघायला यायचे होते. त्यांच्या मनास आलं तर त्याच्या मुलाला, अंगदला, बायको मिळणार होती.

अशा वेळी काय करायचं, ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. आदल्या संध्याकाळी विहिरीत टँकर रिकामा करायचा. पाहुणे वाकतात, पाण्यात आभाळ हलतं, सुपारी फुटते.

"टँकरवाल्याला सांगते," केशरबाई नवऱ्याला म्हणाली.

"न्हाई."

"पोराला दोन ठिकाणांहून नकार आला. कशापायी हट्ट धरता?"

"सून आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तीबी वाकून बघंल. तवा काय सांगायचं तिला?"

पाहुणे आले. मुलीचा काका शिवशंकर, ऊसवाला. आणि आजी मंजुळाबाई. शिवशंकरनं विहिरीत खडा टाकला. तळाच्या दगडावर तो खणकन वाजला.

"फौजीसाहेब, हे तर वाळवंट हाय. पोरगी वाळवंटात ढकलू का?"

बद्रीनाथची मान ताठ झाली.

"वाळवंट बघितलंय तुमी? मी जैसलमेरला होतो. ढग वरून जातात, उतरत न्हाईत. चार थेंब उतरले तर ऊन पिऊन टाकतं. लेहला होतो. तिथं बर्फ, थंडीनं बोटं बधिर. तरी ते वाळवंटच, कारण पावसाला हिमालय आडवा. वाळूनं वाळवंट होत न्हाई, पाव्हणं. आभाळानं हात आखडला की होतं."

"मग इथं काय येगळं?"

"इथंबी घाट आडवाच. पाऊस तिकडंच सांडतो, उरलासुरला आमाला. पण जैसलमेरपेक्षा कितीतरी जास्त! आमीच माळ बोडका केला, बोअर पाडले, पाणी उतारानं पळू दिलं. हे आभाळानं केलं न्हाई, आमी केलं. म्हणून आमाला मोडताबी येतं. तो दगडी बांध बघा, मी न् अंगदनं घातलेला. विहीर आधी संक्रांतीला आटायची. आता पाडवा गाठती."

"भाषण लई झकास," शिवशंकर हसला. "पाणी कुठंय?"

मंजुळाबाई इतका वेळ विहिरीभोवतीची माती बघत फिरत होती.

"शिवा, गप रं. मागच्या स्थळाची विहीर काठोकाठ भरली होती. आन् काठाच्या मातीत टँकरचे टायर उमटले होते. तू पाणीच बघत बसला."

केशरबाईनं पदर तोंडाला लावला.

"पोरीला विचारून कळवते," म्हातारी म्हणाली. "काय सांगू तिला?"

"दगड वाहावं लागतील म्हणा, अंगदच्या बरोबरीनं. आन् विहीर हाय अशीच दिसंल."

शिवशंकर चहा न घेताच गाडीत जाऊन बसला. म्हातारीनं मात्र तांब्यातलं पाणी तळापर्यंत पिऊन तांब्या पालथा ठेवला.

गाडीचा धुरळा बसला.

"न्हाई म्हणाले तर?" केशरबाईनं विचारलं.

"तर न्हाई म्हणतील," बद्रीनाथ म्हणाला, आणि पाटी उचलून बांधाकडं चालू लागला.