शमीखालचा पहारा

शेजारच्या आयरीनबाई गेल्या, हे त्यांचा भाचा रिचर्ड आमच्या फाटकाशी उभा राहून सांगून गेला, त्याला आता दीडेक महिना झाला. ते ऐकताना मला आधी आठवलं ते त्यांचं आदल्या दिवशीचं हॉस्पिटलमधलं बोलणं. नाकात नळी, आवाज पार खोल गेलेला, तरी माझा हात धरून त्यांनी विचारलं होतं, "झाडाखाली कोण बसलंय?" मी काही बोलणार तेवढ्यात नर्स आली, मला बाहेर जायला सांगितलं... आणि प्रश्न तसाच राहिला. फेब्रुवारी संपत आला होता. त्यांच्या अंगणातल्या झाडावर शिंजिराच्या जोडीने घरटं विणायला घेतलं होतं, आणि ते राखायला यंदा कोणी नव्हतं.

आमची ओळखच मुळी भांडणाने झाली. अबू धाबीच्या खलिफा सिटीत तेव्हा नुकत्या कुठे व्हिला उभ्या राहत होत्या, चहूकडे वाळू, आणि आम्हाला राहायला येऊन महिनाही झाला नव्हता. पितृपंधरवडा होता. सासूबाईंच्या तिथीला मी कंपाउंडच्या भिंतीवर वरणभात, वडे, खीर असं पान ठेवलं, हात जोडले, तोच पलीकडून आवाज आला, "ए बाई! तो भात उचल!" बघते तर ऐंशीच्या घरातली, ताठ कण्याची गोरी बाई. आणि बोलते मराठी! माझं डोकंच फिरलं. "सासूबाईंचं पान आहे ते," मी म्हटलं. "सासूला घरात वाढ. कावळ्याला नको," बाई म्हणाल्या. भिंतीच्या दोन बाजूंना आमची अशी चांगलीच जुंपली, आणि तेवढ्यात कावळा मात्र व्यवस्थित जेवून गेला.

हे मराठी त्यांनी महाबळेश्वरला उचललेलं. बाप इंग्लंडातल्या उमराव घराण्यातला, इंग्रज सरकारात मोठा अंमलदार. नावाआधी 'लेडी' लागलं ते जन्मानेच. घरच्या बाया मेजवान्यांत रमायच्या आणि ही पोर घोड्यावरून कोयनेच्या जंगलात. पाखरं मारायची, त्यांची कातडी सोलून आत कापूस भरायची, चित्रं काढायची, सगळं विलायतेला म्युझियममध्ये पाठवायची. मराठी शिकली ती नोकरांकडून, तीही त्यांना कामं सांगण्यापुरती. घोडा आण, पाणी तापव. राज्य गेलं, पण हुकूम काही गेला नव्हता. म्हातारपणी भाच्याकडे अबू धाबीला आल्या तर इथेही वॉचमन, मी, माझा नवरा, सगळ्यांना अरे-तुरे. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू? एकदा मी बोलून दाखवलंच, "आमच्याकडे एवढी पाखरं मारलीत, आणि इथे एका पानावरून माझ्याशी भांडता?" बाईंनी झाडावरच्या घरट्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणूनच राखते."

पण हे पुढचं. त्या वर्षी दसऱ्याला भिंतीवरून हाक आली, "ए बाई, इकडे ये." गेले. त्यांच्या अंगणातल्या झाडाकडे काठी करून म्हणाल्या, "तुमची शमी." इथले लोक ज्याला घाफ म्हणतात ती आपली शमी, हे मला दुसरं कोण सांगणार होतं? मी हळदकुंकू आणायला धावले. बाई पूजा होईपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या, आणि मग स्वतः चार पानं तोडून माझ्या हातावर ठेवली. त्या दिवसापासून आमचं भांडण मिटलं नाही, पण भांडताना चहा मिळू लागला.

कावळा इथला नव्हे, आपल्याकडूनच जहाजांवर बसून आलेला, असं त्या सांगत. तो शिंजिराची पिल्लं उचलतो. म्हणून घरटं झालं की रोज सकाळी शमीखाली वेताची खुर्ची, मांडीवर दूध पावडरचा रिकामा डबा, हातात माझ्याकडून नेलेला डाव. कावळा दिसला की ठणठण. "यल्ला! चल, नीघ!" मी म्हणायचे, "बाई, सगळे कावळे हाकललेत तर आमचे पितर उपाशी राहतील." त्यावर त्या तरुणपणी वाईच्या घाटावर बघितलेले दहावे सांगत. "माणसं वचनं देतात. कावळा वचनाला येत नाही. माणसं मागे सरतात, मग येतो. मी पाहिलंय." "आमच्यात वचनालाच येतो," मी म्हणायचे. खलास. चहा निवून जायचा, पण दोघींपैकी एकही तसूभर हलायची नाही.

बाई गेल्यावर त्यांना पुरायला इंग्लंडला नेलं. दहाव्या दिवशी मी रिचर्डला विचारून त्यांच्या अंगणात गेले आणि दहीभाताचा गोळा भिंतीवर ठेवला. नवरा म्हणाला होता, "अगं, ख्रिश्चन बाई त्या. आणि घास ठेवतेस तो कावळ्याला? उठून बसतील." लेक म्हणाली, "आई, प्लीज, दॅट्स सो वीअर्ड." असू दे. माणूस गेल्यावर दुसरं काय करायचं असतं, मला येत नाही.

कावळा आला, भिंतीच्या टोकाला बसला, मान वाकडी करून बघत राहिला. भाताला शिवेना. रिचर्डचं सगळं नीट होईल, म्हटलं. नाही. शमीला कोणी हात लावणार नाही, म्हटलं. तरी नाही... वर शिंजिराची मादी चोचीत कापूस घेऊन घरट्यात शिरत होती. मला त्या बाईची फार, फार आठवण येत होती. "बाई, झाडाखाली मी बसते," मी म्हटलं, "पिल्लं उडेपर्यंत." आणि पदराने डोळे पुसत थोडी मागे सरले.

कावळा शिवला. वचनाला आला, की मी मागे सरले म्हणून आला, कोण जाणे. आता वाद घालायला त्या कुठे आहेत?

भात संपवून तो उडाला तो थेट शमीवर जाऊन बसला. मी खुर्चीत बसले, डबा मांडीवर घेतला आणि डावाने जोरात वाजवला.