झिऱ्यावरचा मुरूम

गावात नळ आला तरी आम्ही प्यायचं पाणी ओढ्यातल्या झिऱ्याचंच आणायचो. झिरा म्हणजे काय, वाळूत उकरलेला कोपरभर खड्डा. आधी दोन-चार तांबे पाणी उपसून टाकायचं आणि मग दम धरून बसायचं. तळातनं नितळ पाणी वर येतं. त्या बसण्यातच आम्हा बायकांच्या अर्ध्या गप्पा व्हायच्या. माझ्या धाकट्या जावेचं घर झिऱ्याला लागूनच. तिची तर डाळ त्याच पाण्यात शिजायची. नळाच्या पाण्यात तिला चव लागत नाही म्हणे.

रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि डोंगराची कड फोडली. ठेकेदाराला मुरूम टाकायला जागा पाहिजे होती, गावाला फुकटचा मुरूम पाहिजे होता. कुणी अंगणात टाकून घेतला, कुणी रानाच्या वाटेवर. झिऱ्याच्या वरच्या अंगाला माझा ओढ्याकडचा तुकडा खोलगट. भरून निघाला तर गोठ्याला जागा होईल, असं माझ्या मनानं घेतलं. टिपरवाल्याला मीच हात केला, त्यानं पुढं केलेल्या कागदावर सहीही करून दिली. टिपर आत वळेना, तर काठाची निर्गुडी नि केकताडाची काटेरी झुडपं मीच तोडून दिली. सासू सांगायची, काठाला कोयता लावू नये. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. शहाणी ना मी!

वळवाचा पाऊस झाला, तो अर्धा तासच. पण सकाळी जावेनं हाक मारली आणि जाऊन बघते तर ओढा लालभडक, झिऱ्याच्या जागी गुडघाभर चिखल. वर रस्त्याच्या पुलापाशी ठेकेदाराची माणसं सिमेंटचे मिक्सर धुतात, ते पांढरट पाणीही त्यातच उतरलेलं. आम्ही दोघींनी खोऱ्यानं चिखल ओढला. तिसऱ्या दिवशी पाणी वर आलं, तेही गढूळच. वाळूच्या फटीच बुजल्या होत्या. जाऊ खोरं धुऊन घरात निघून गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी ग्रामसभेत उठले. ठेकेदाराच्या माणसाला म्हटलं, भराव टाकायच्या आधी काठाला दगड रचायचे, चर काढायचा, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? त्याला ठाऊक होतं की! त्यानं शांतपणे मोबाईल काढून माझ्या सहीच्या कागदाचा फोटो सगळ्यांना दाखवला.

"आजी, मुरूम मागितला तुमीच. झाडंबी तुमीच काढून दिली. आता आमी काय करायचं?"

मी सभेकडं बघितलं. ज्याच्या-त्याच्या दारात ठेकेदाराचाच मुरूम. एक जण वरचा पंखा बघत बसला, एकीनं पदर सारखा केला. मागनं एक म्हातारबा म्हणाले, "बसा खाली वैनी. फुकट ते पौष्टिक म्हणून समद्यांनीच खाल्लंय." लोक हसले. मीही बसले. मिक्सर अजून तिथंच धुतात.

जाऊ आता विकतचा जार आणते. परवा मी तिच्या दारात गेले. म्हटलं, तो ढीग ओढ्यापासनं मागं ओढू या, दोघी मिळून रोज थोडा थोडा.

"तुमी ओढा, आक्का," ती म्हणाली. "मला आता गुडघं न्हाईत तेवढं."

माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे ती.