पाल्यातला कांदा

तिसऱ्या वर्षाला असताना मी कांद्यावर संशोधन केलं. हसू नका. निरगुडसरहून रोज एस्टीनं कॉलेजला जाणाऱ्या मुलीला दुसरं काय मिळणार होतं, हत्ती?

वनस्पतिशास्त्राच्या सरांनी विषय दिला होता: कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेला कांदा कमी सडतो का? घरच्या कांदा साठवायच्या बराखीत मी दोन टोपल्या ठेवल्या. एकीत पाला घालून, दुसरीत नुसता कांदा. दर रविवारी सडके वेगळे काढायचे आणि चांगल्यांचं वजन वहीत लिहायचं.

अर्थशास्त्राची माझी मैत्रीण, बायका दिवसभरात काय काय कामं करतात ते मोजत होती. त्यांच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून तिलाही आमचेच सर मार्गदर्शक. सरांना अर्थशास्त्र येत नव्हतं, पण चौकटी फार सुरेख आखता येत. दोघींतला एकच प्रकल्प पुण्याच्या स्पर्धेला जाणार होता, आणि मला जायचंच होतं. तोवर मी पुणं फक्त दवाखान्यापुरतं पाहिलं होतं.

निकाल असा आला की सर हरखून गेले. नुसता कांदा आठवड्याआठवड्याला सडत गेला, पाल्यातला टुणटुणीत. श्रावणात तर पाल्याच्या टोपलीचं वजन चक्क थोडं वाढलं. मी घाबरत वही दाखवली. "हवेतला ओलावा," सर म्हणाले, आणि पुण्याला कांदाच जाणार असं प्राचार्यांना सांगूनही आले. मैत्रिणीचं तोंड एवढंसं झालं.

तिचा एक फॉर्म भरायचा राहिला होता, म्हणून ती आमच्या घरी आली आणि चुलीपुढं बसून आईला विचारायला लागली. आईनं पहाटेपासून सुरुवात केली. धार, पाणी, भाकरी, खुरपणी.

"आणि दुपारी शेतातून आल्यावर?"

"मंग अर्धा तास हिचं कांदं निवडते."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. "कुठले कांदे?"

"पाल्यातलं. तूच म्हनलीस न्हवं का, ह्याच टोपलीवर माझं समदं हाय? सडका दिसला की काढते, त्येच्या जागी बराखीतला चांगला टाकते. लई जपलंय बाई म्या."

मी कपाळावर हात मारला. तीन महिने कडुनिंबाचे गोडवे गात होते, आणि गुण होता आईच्या हाताचा. इतका राग आला तिचा, आणि ती अशी कौतुकाच्या आशेनं बघत होती की रडूच फुटायला आलं.

मैत्रिणीनं शिसपेन्सिलीनं लिहून टाकलं होतं: कांदे निवडणे, अर्धा तास. ती ओळ राहिली आणि सरांनी वाचली, तर पुणं तिचं होतं. तरी भली पोर मला हळूच म्हणाली, "खोडू?"

मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात आई म्हणाली, "खोड गं. त्ये काय काम हाय व्हय?"

माझं डोकंच सटकलं. रोज शेतातून आल्यावर, पाठ टेकायच्या आधी, वाकून वाकून निवडायचं, आणि म्हणे काम नाही. "राहू दे ते," मी म्हणाले.

सरांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "म्हणजे ओलावा नव्हता तर," म्हणाले आणि खाली मान घालून प्राचार्यांकडे गेले.

पुण्याला मैत्रीण गेली. तिचे तक्ते धरायला मी सोबत.

परीक्षकांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "कांदे निवडणं हा तर विरंगुळा झाला. कामात कसं धरलंत?"

मैत्रीण फॉर्म चाळायला लागली. मी तक्ता खाली ठेवला. "सर, रोज कोणी निवडलं नाही तर काय होतं, ती टोपली मी मोजलीय."

त्यांनी पेन काढलं. "सांगा."

नुसत्या कांद्याची सगळ्या रविवारांची वजनं मला पाठ होती. एकेक सांगत गेले. माझ्या वहीतले तेवढेच आकडे खरे होते.